स्वतंत्र देश सोडवायला निघालेली नबाबाची रयत

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रिमिनी शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, टायटानो नावाच्या डोंगराच्या माथ्यावर आणि उतारांवर, सान मारिनोचे प्रजासत्ताक वसलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ६१ चौरस किलोमीटर आहे, त्याला चारी बाजूंनी इटलीने वेढलेले आहे, आणि इ. स. ३०१ मध्ये एका पाथरवटाने आपला देश स्थापन केला असे तेथील लोक परंपरेने मानतात. १९४४ च्या सप्टेंबरात या तटस्थ देशात जर्मन फौजा घुसल्या आणि त्यांना हुसकून लावण्याचे काम ज्या डिव्हिजनकडे आले ती ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी सैन्यातली चौथी हिंदी डिव्हिजन होती. ज्यांच्या स्वतःच्या मुलखावर परक्याचे राज्य होते अशा शिपायांनी जगातले एक अत्यंत जुने प्रजासत्ताक मोकळे केले, ही विसंगती इतिहासाने आयती हाती दिलेली आहे, आणि प्रस्तुत मराठी कादंबरीने तिच्यावर उपहासाचा मोठा डोलारा उभारला आहे. जोवर लेखकाचे बोट या विसंगतीवर आहे तोवर पुस्तक फार वरच्या दर्जाचे आहे. ते बोट सुटते तेथे मात्र ते नुसते गमतीदार होते, आणि अशी पाने थोडी नाहीत.

पुस्तकावर लेखकाचे नाव नाही, आणि एक अपवाद सोडला तर आत पात्रांनाही नावे नाहीत. सगळे हुद्द्यांनी ओळखले जातात. कथा सांगणारा 'कोठीवाला' हा श्रीवर्धनच्या बाजूचा, म्हणजे जंजिरा संस्थानातला. एका खोताचे कूळ म्हणून राबणाऱ्या घरातला थोरला मुलगा. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्यावर तिकडचा तांदूळ यायचा बंद होतो, घरात खाणारी तोंडे जास्त होतात, आणि तो खडकीला जाऊन बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्यासाठी पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या पलटणीत, भरती होतो. चार बुके शिकलेला असल्यामुळे त्याच्या हाती फावड्याऐवजी कोठीची वही येते. जोडून उभ्या करायच्या लोखंडी बेली पुलाचे सुटे भाग, सुरुंग शोधण्याची यंत्रे, काटेरी तारेची भेंडोळी, खिळे, दोरखंड, सारे मोजून घ्यायचे आणि मोजून द्यायचे, हे त्याचे युद्ध. कादंबरीकाराने हा माणूस फार विचारपूर्वक निवडलेला आहे. लढणाऱ्या शिपायाच्या तोंडी उपरोध घातला असता तर तो उसना वाटला असता. उलट सगळ्या जगाची मोडतोड चाललेली असताना स्क्रूचा हिशेब लागत नाही म्हणून ज्याला झोप येत नाही त्याच्या तोंडी तो आपसूक येतो.

कोठीवाला जंजिऱ्याचा असण्यालाही अर्थ आहे. ब्रिटिश अमलातल्या रत्नागिरी जिल्ह्यातला माणूस नायक केला असता तर 'पारतंत्र्यातला शिपाई' एवढीच गोष्ट झाली असती. हा मात्र एका छोट्या राज्याची रयत आहे. त्याच्या नबाबाचे संस्थान सान मारिनोच्या कितीतरी पट मोठे, पण तेथे रयतेला विचारायची पद्धत नाही. टायटानोवरचे तीन बुरूज पहिल्यांदा दृष्टीस पडतात तेव्हा त्याला मुरूडसमोरचा पाण्यातला किल्ला आठवतो. तो किल्लाही शिवाजी महाराजांना किंवा संभाजी महाराजांना घेता आला नाही, आणि लहानपणी मास्तरांनी ही गोष्ट अभिमानाने सांगावी की खेदाने, याबद्दल वर्गात नेहमीच घोटाळा असे. अजिंक्य किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या रयतेला त्या अजिंक्यपणातून काय मिळते, हा प्रश्न येथे अगदी सहज पेरला जातो आणि पुढे पुस्तकभर उगवत राहतो. आमच्या कोकणातल्या वाचकाला या प्रकरणात जी खुमारी लागेल ती घाटावरच्या वाचकाला तितकी लागेलच असे नाही. मात्र लेखकाने तळटिपा देऊन ती मारलेली नाही हे चांगले केले.

आता प्रजासत्ताकाविषयी. सान मारिनोत राष्ट्रप्रमुख एक नसतो, दोन असतात. त्यांना कॅप्टन रीजंट म्हणतात, आणि दर सहा महिन्यांनी, १ एप्रिलला आणि १ ऑक्टोबरला, जोडी बदलते. ही पद्धत १२४३ पासून चालत आलेली आहे. साठ सभासदांचे कौन्सिल त्यांना निवडते, आणि मुदत संपल्यावर त्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क नागरिकांना असतो. उपहासकाराला यापेक्षा अधिक काय हवे? कादंबरीकाराच्या हे बरोबर ध्यानात आले आहे की १ एप्रिल १९४४ ला सूत्रे घेणाऱ्या जोडीच्या सहा महिन्यांत बॉम्बहल्ला, निर्वासितांचा लोंढा, जर्मन फौजांची घुसखोरी आणि लढाई एवढे सगळे येऊन गेले, आणि लढाई संपून दहा-अकरा दिवस होतात न होतात तोच मुदत संपली. 'तक्रारी' हे प्रकरण या शेवटच्या दिवसांचे आहे. दोघे रीजंट रात्र जागून लढाईबद्दलच्या आरोपांना उत्तरे तयार करतात, आणि प्रत्यक्षात येणाऱ्या तक्रारी असतात त्या कोणाच्या द्राक्षमळ्यातून निर्वासितांची गाढवे गेली, कोणाच्या पाटाचे पाणी वळवले, कोणाला भर सभेत 'तुम्ही'ऐवजी 'तू' म्हटले गेले अशा. लढाईबद्दल एकही नसते. हे सारे कल्पित आहे हे उघड असले तरी ते खोटे वाटत नाही, कारण ग्रामसभेला हजेरी लावलेल्या कोणत्याही माणसाने हे पाहिलेले असते, आणि शिवाय लेखक या तक्रारदारांना हसत नाही. ज्या माणसाला आपल्या प्रमुखाविरुद्ध गाढवाची फिर्याद करता येते तो माणूस नबाबाच्या रयतेला केवढा मोठा वाटत असेल, हे कोठीवाल्याच्या गप्प बसण्यातून कळते.

कौन्सिलच्या बैठकांची इतिवृत्ते ही या पुस्तकातली सर्वांत मजेदार आणि सर्वांत ताणलेली गोष्ट आहे. ती लेखकाने आपल्याकडच्या सरकारी मराठीत लिहिली आहेत. 'सदरहू बाबतीत', 'सबब', 'उपरोक्त विषयान्वये', 'साधकबाधक चर्चेअंती' असा सारा कारभार. पहिल्या दोन-तीन वेळा हसू आवरत नाही. पुढे पुढे इतिवृत्त दिसले की वाचक पान उलटू लागतो, कारण विनोद भाषेतून निघतो, प्रसंगातून नाही. याला एक मोठा अपवाद आहे, आणि त्याच्यासाठी बाकीची इतिवृत्ते माफ करावीत.

तो अपवाद म्हणजे चुन्याची चर्चा. आकाशातून जाणाऱ्या विमानांना हा देश तटस्थ आहे हे कळावे म्हणून छपरांवर आणि मोकळ्या रानात चुन्याने खूण करायची, असा ठराव मांडला जातो. खूण कोणती, किती हातांची, चुना कोणत्या खात्यातून, एखाद्याच्या शेतात अक्षर आले तर त्या शेताचा सारा माफ करायचा की नाही, आणि 'तटस्थ' हा शब्द कोणत्या भाषेत लिहायचा, कारण इंग्रजीत लिहिला तर जर्मन रागावतील आणि जर्मनमध्ये लिहिला तर इंग्रज, यावर बैठकीमागून बैठक होते. एक सभासद सुचवतो की काहीच लिहू नये, कारण काही न लिहिणे हीच खरी तटस्थता. अखेर चुना मंजूर होतो, पण कळीचा चुना की विरवलेला, हा मुद्दा पुढील बैठकीसाठी राखून ठेवला जातो, आणि पुढील बैठकीची तारीख दिली जाते २७ जून १९४४. प्रकरण तेथे संपते. उलटलेल्या पानावर काहीच नाही. ज्याला इतिहास ठाऊक आहे त्याच्या पोटात गोळा येतो, कारण २६ जूनला ब्रिटिश विमानांनी सान मारिनोवर बॉम्ब टाकले. जर्मनांनी तेथे दारूगोळा साठवला आहे या चुकीच्या समजुतीपायी साठाहून अधिक माणसे मेली असे साधारणपणे सांगितले जाते. ज्याला इतिहास ठाऊक नाही त्याला पुढच्या प्रकरणात, कोठीवाल्याच्या नोंदीत, एका ओळीत तो कळतो. मराठीत उपहास लिहिणाऱ्यांनी हे कोरे पान अभ्यासण्यासारखे आहे. येथे एक शब्द जास्त लिहिला असता तरी सगळे वाया गेले असते.

बोगद्यांचा भागही भक्कम आहे. रिमिनीहून सान मारिनोला जाणारी विजेवरची रेल्वे १९३२ साली सुरू झाली होती. सुमारे ३२ किलोमीटरच्या त्या अरुंद मार्गावर १७ बोगदे होते. १९४४ मध्ये गाड्या बंद पडल्या आणि बोगद्यांत माणसे राहू लागली. सुमारे पंधरा हजार वस्तीच्या या देशाने त्या वर्षी लाखभर निर्वासितांना आसरा दिला असे इतिहासकार सांगतात, आणि हा आकडा कितीही वेळा वाचला तरी नजरेखालून सहज जात नाही. कादंबरीत रेल्वेचा एक तिकीट तपासनीस आहे. गाडी नाही, वीज नाही, पण बोगदा ही रेल्वेची हद्द आहे, म्हणून तो रोज सकाळी बोगद्यात उतरून लोकांकडे तिकीट मागतो, आणि कोणाकडेच नसल्यामुळे वहीत दंड लिहून ठेवतो. आरंभी तो निव्वळ विदूषक वाटतो. मग हळूहळू लक्षात येते की त्या वहीतल्या दंडाच्या नोंदी म्हणजे निर्वासितांची गावासह, वयासह, नातलगांसह केलेली एकमेव यादी आहे, आणि हरवलेल्या मुलाचा शोध घेत आलेली एक आई ती वही चाळते तेव्हा तपासनीस तिला सांगतो की तुमच्या मुलाकडे सतरा दिवसांचा दंड थकला आहे, म्हणजे तो सतरा दिवस येथे होता. कोकण रेल्वेने करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून जाताना मोबाइलची रेंज गेली म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे प्रकरण गाडीत वाचू नये.

आता तक्रारीचा भाग, आणि ती गंभीर आहे. सान मारिनोत १९२३ पासून १९४३ पर्यंत फॅसिस्ट पक्षाची सत्ता होती. इटलीत मुसोलिनीची गच्छंती २५ जुलै १९४३ ला झाली आणि त्यानंतर तीनच दिवसांनी टायटानोवरचीही राजवट कोसळली. म्हणजे प्राचीन स्वातंत्र्याचा झेंडा मिरवणाऱ्या या प्रजासत्ताकाने वीस वर्षे शेजारच्या हुकूमशहाची नक्कल केली होती, दर सहा महिन्यांनी दोन-दोन रीजंट निवडण्याचा सोहळा चालू ठेवून. यापेक्षा उपहासाला योग्य विषय कोणता? लोकशाहीचे सगळे विधी यथासांग होत असताना लोकशाही नाहीशी कशी होते, हे या उदाहरणात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसेल. कादंबरी हे सारे दीड पानात उरकते. त्या दीड पानातही फॅसिस्टांचा काळा सदरा शिवणारा शिंपी आणि तो सदरा नंतर निळ्या रंगात बुडवणारी त्याची बायको, एवढीच गंमत आहे. १९४० मध्ये सान मारिनोने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली आणि पुढे तेथील सरकारने ती नाकारली, तो खरोखरीचा प्रसंगही येथे तारमास्तरच्या चुकीवर ढकलून दिला आहे.

याचा परिणाम असा होतो की प्रजासत्ताकातली सगळी माणसे भोळीभाबडी, थोडी भित्री, थोडी हट्टी आणि मुळात चांगली ठरतात. त्यांची थट्टा होते, पण त्यांना कोणी जाब विचारत नाही. छोटा देश म्हणजे निष्पाप देश, हे समीकरण वाचकाच्या मनात लेखक नकळत पक्के करून टाकतो. आणि हे करणारा लेखक तोच आहे ज्याने जंजिरा संस्थानाच्या संदर्भात नेमके उलटे दाखवले आहे, की राज्य लहान असले म्हणून तेथला खोत लहान होत नाही. नबाबाच्या रयतेला कळते ते प्रजासत्ताकाच्या चित्रणात त्याने विसरावे, याचे नवल वाटते. आमच्या वाचनालयातल्या एका ज्येष्ठ वाचकाचे म्हणणे असे की कोठीवाला परका आहे, त्याला वीस वर्षांपूर्वीचे कसे ठाऊक असणार? पण इतिवृत्ते कोठीवाल्याने लिहिलेली नाहीत. तेथे १९२३ चे एखादे इतिवृत्त सहज घालता आले असते, आणि तेव्हा ते सरकारी मराठीचे सोंग केवळ सोंग राहिले नसते.

लढाईची प्रकरणे तुलनेने थोडी आहेत आणि ती थोडी आहेत हेच बरे. १७ ते २० सप्टेंबर १९४४ या चार दिवसांत चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या तुकड्या मारानो नदी ओलांडून टायटानोकडे सरकल्या. बलुच, गुरखा, शीख आणि त्यांच्याबरोबर स्कॉटलंडचे कॅमरन हायलँडर्स. कोठीवाल्याच्या वाट्याला यातला आवाज, चिखल आणि परत न आलेल्या सामानाची यादी येते. अख्ख्या पुस्तकात ज्या एकाच पात्राचे नाव घेतले जाते ते येथे: ९ व्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनचे रायफलमन शेर बहादूर थापा. १८-१९ सप्टेंबरच्या लढाईत त्यांनी आपल्या सेक्शन कमांडरसह एक मशीनगन बंद पाडली, मग एकट्याने कड्याच्या उघड्या भागावर जाऊन आणखी मशीनगन गप्प केल्या, आपल्या माणसांची माघार सांभाळली, दोन जखमींना वाचवले आणि ते स्वतः मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. कादंबरी या जागी उपरोध पूर्णपणे खाली ठेवते. कोठीवाला आपल्या वहीत सामानाच्या रकान्यात प्रथमच एका माणसाचे नाव लिहितो, आणि मग वहीतला तो रकाना चुकला म्हणून वरिष्ठाच्या शिव्या खातो.

मला या जागी एक गोष्ट खटकली आणि तिचा निकाल अजून माझ्या मनाशी लागलेला नाही. याच कादंबरीत आधी, जुलैच्या नोंदींमध्ये, 'माणगावकडचा एक नाईक तिकडे टायबरच्या खोऱ्यात पडला' अशी बातमी कोठीवाल्याला कळते. इतिहास जाणणाऱ्याला हे लगेच ओळखू येते: ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, वय अवघे बावीस. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे स्मारकही उभे राहिले. श्रीवर्धनच्या कोठीवाल्याला हा माणूस जवळचा. मग त्याचे नाव का नाही? एक अर्थ असा लावता येतो की थापा हे नेपाळचे, म्हणजे ते स्वतंत्र राज्यातून आलेले होते, आणि ज्याचा देश स्वतंत्र त्यालाच या पुस्तकात नाव आहे. पण मग कॅमरन हायलँडर्सना आणि खुद्द दोन्ही रीजंटांना नाव का नाही, याचे उत्तर मिळत नाही. दुसरा अर्थ असा की कोठीवाल्याला आपल्याकडच्या माणसाचे नाव लिहवत नाही, लिहिले तर ते खरे होईल. हा अर्थ मला अधिक भावतो, परंतु त्याला पुस्तकात आधार म्हणावा असे एखादे वाक्यही नाही. कोणाचे मत वेगळे असेल तर ऐकायला आवडेल.

सर्वांत चांगले प्रकरण कोणते असे विचारले तर मी पत्राचे सांगेन. कोठीवाल्याचा धाकटा भाऊ मुंबईच्या गोदीत माथाडी आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसे मेली आणि भोवतालची वस्ती जळाली, ही बातमी युद्धकाळातल्या निर्बंधांमुळे मोकळेपणाने छापली गेली नव्हती. भावाचे पत्र इटलीत पोहोचते ते सेन्सॉरच्या कात्रीतून. पत्राचा वरचा भाग आहे: घरची खुशाली, म्हशीचे दूध, खोताने वाढवलेला मक्ता. मग एक चौकोनी भोक. मग 'त्यानंतर मी बरा आहे'. मग दुसरे भोक. मग 'आईस कळवू नये'. छापताना ती भोके पानावर रिकाम्या चौकटी म्हणून दाखवली आहेत. कोठीवाला ते पत्र दिव्यासमोर धरतो, भोकातून पलीकडे झोपलेले सॅपर दिसतात, आणि तो हिशेबी माणूस असल्यामुळे पट्टीने भोकाची लांबीरुंदी मोजून तेथे किती शब्द मावतील याचा अंदाज करतो. सुमारे चाळीस, असे त्याला वाटते. मग तो चाळीस शब्दांत काय काय घडू शकते याची यादी करू लागतो. आग, लग्न, जप्ती, पटकी. ज्या घरात मुंबईहून मनीऑर्डर यायची आणि तिच्या कुपनावरच्या दोन ओळींतून सगळे ताडून घ्यायची सवय होती, अशा घरांतल्या माणसांना हे पान वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

२० सप्टेंबरला शहर हाती येते, आणि मग रीजंटांचे स्वागताचे भाषण होते. १७९७ मध्ये नेपोलियनने देऊ केलेला जादा मुलूख आम्ही नाकारला, १८४९ मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या गॅरिबाल्डीला आसरा दिला, १८६१ मध्ये अब्राहम लिंकनला नागरिकत्व दिले आणि त्याने आभाराचे पत्र पाठवले, हे तीन पाठ रीजंट जो कोणी अधिकारी भेटेल त्याला म्हणून दाखवतात. आठवडाभरापूर्वी ते जर्मन अधिकाऱ्याला म्हणून झालेले असतात, फक्त तेव्हा लिंकन वगळून. ही तीनही ऐतिहासिक सत्ये आहेत, आणि त्यांचा असा वापर मिश्कील आहे. मात्र प्रकरणाला धार येते ती नंतर, धोबीघाटावर. कपडे धुणारी एक बाई कोठीवाल्याला खाणाखुणांनी आणि मोडक्या इटालियनमध्ये विचारते की तुमच्याकडे राजा कोण निवडतो? तो सांगतो, कोणी नाही. मग तो विचारतो, तुमच्याकडे रीजंट निवडणाऱ्या कौन्सिलला मत कोण देते? ती म्हणते, पुरुष. सान मारिनोत स्त्रियांना मताचा हक्क देणारा कायदा १९५९ साली झाला. कोठीवाला आणि ती बाई दगडावर बसून सुपारी खातात. तिला ती लागते, ती थुंकते, दोघे हसतात. सान मारिनोला निष्पाप ठरवण्याचा जो दोष मी वर सांगितला, त्याची लेखकाला जाणीव नव्हती असे या चार पानांवरून म्हणता येत नाही. जाणीव असून त्याने ती एवढीच वापरली, याचे म्हणून अधिक वाईट वाटते.

शेवटचा भाग घाईत लिहिलेला आहे. कोठीवाला परततो, १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई राज्यात विलीन होते, आणि त्याच्या सैन्यातल्या कागदांवरचे संस्थानाचे नाव आता कोणत्याच कचेरीला चालत नाही. कल्पना उत्कृष्ट आहे: छोटा देश सोडवून आलेल्याचे स्वतःचे छोटे राज्यच गेले, आणि ते गेल्याचा त्याला आनंद आहे, पण पेन्शनसाठी ते असायला हवे होते. यावर किमान चाळीस-पन्नास पाने उभी राहिली असती. लेखकाने बाराच दिली आहेत, आणि त्यातही तलाठी, कारकून, मामलेदार यांच्या ठरावीक नकला आहेत.

पुस्तक म्हणून विचार करता मुखपृष्ठ साधे आणि नेटके आहे, अक्षर मोठे आहे, पण नकाशा नाही. रिमिनी कोठे, मारानो नदी कोठे, टायबरचे खोरे कोणत्या बाजूला, हे न कळताच वाचकाला निम्मे पुस्तक काढावे लागते. मुद्रितशोधन ढिले आहे. एकाच पानावर 'रीजंट' आणि 'रेजंट' असे दोन्ही आढळते. बांधणी चिकटवलेली आहे आणि आमच्या भागातल्या पावसाळ्यात ती किती टिकेल याची शंका वाटते, म्हणून विकत घेणाऱ्याने कव्हर घालूनच ठेवावे. इतिहासाची एक चूकही दुरुस्त व्हायला हवी. कोठीवाला २० तारखेला टायटानोवरून खाली पाहतो तेव्हा रिमिनी आधीच पडलेले आहे असे लिहिले आहे. प्रत्यक्षात रिमिनी दोस्त राष्ट्रांच्या हाती आले ते २१ सप्टेंबरला. एरवी एका दिवसाने काही बिघडत नाही, पण ही चूक स्क्रू मोजणाऱ्या माणसाच्या वहीत आहे, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत नकाशाबरोबर तीही सुधारून घ्यावी, आणि जमल्यास १९२३ चे ते इतिवृत्तही लिहावे.